उजेडात बघा

साडी घेताना आपण दुकानदाराला हमखास सांगतो, "जरा दाराशी उजेडात दाखवा हो." आतल्या दिव्याखाली डाळिंबी दिसलेला रंग रस्त्यावर आला की विटकरी निघतो. हे आपल्याला कुणी शिकवत नाही, कळतंच. गाडीच्या रंगालाही हाच न्याय लावायचा असतो, हे मात्र पुरुषमंडळींच्या गावी नसतं. आमचा पुतण्या रात्री आठला मोटरसायकल रंगवून घेऊन आला. जिन्याखालच्या दिव्यात सगळ्यांनी "छान झाली" म्हणून घेतलं. पैसे तर आधीच चुकते झाले होते. सकाळी गाडी उन्हात काढली आणि सगळे गप्प झाले.

गाडी माझ्या मोठ्या दिरांची. १९९३ साली घेतलेली लाल हीरो होंडा सीडी १००. त्या नावाची कंपनीसुद्धा आता राहिली नाही, हीरो आणि होंडा कधीच वेगळे झाले. भाऊजी आणि जाऊबाई ह्याच गाडीवरून इथून ऐंशी किलोमीटरवरच्या कुल्पाकजीला दर्शनाला जाऊन संध्याकाळच्या जेवणाला, म्हणजे आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत, घरी परत येत. तीन वर्षांपूर्वी भाऊजी गेले. गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. ह्या वर्षी पुतण्याला नोकरी लागली आणि त्याने बाबांचीच गाडी चालवायची म्हणून हट्ट धरला. जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, त्याआधी ती जरा माणसात आणायची होती. रंग लालच ठेवायचा ठरलं, कारण आरसी बुकात रंग लिहिलेला असतो आणि तो बदलला की आरटीओच्या फेऱ्या वाढतात. पैसे जाऊबाईंनी दिले, ब्लाउज शिवून साठवलेले. बत्तीसशे रुपये.

आता उन्हात काय दिसलं ते सांगते. टाकीच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे. खालच्या कडेला दोन ओघळ, मेणबत्तीवर उतरतात तसे. वरच्या बाजूला पांढुरकी झाक, आरशावर वाफ बसावी तशी. सगळीकडे रव्यासारखे दाणे. आणि बाजूच्या प्लॅस्टिकच्या झाकणांवर नख लागलं तरी कांद्याचा पापुद्रा निघावा तसा रंग सुटत होता. (मलकपेठच्या कांदा-मिरचीच्या गंजाशेजारी उभा जन्म काढून कांदा न खाणारं आमचं घर, पण उपमा तीच सुचते.) तिसऱ्या दिवशी पेट्रोल भरताना चार थेंब सांडले. पुसलं तर फडकं लाल झालं.

मी कला शाखेची पदवीधर, मला रसायन कळत नाही. पण ओळखीच्या दोन-तीन मेकॅनिकांना विचारलं आणि जे ऐकलं ते स्वयंपाकघराबाहेरचं वाटलं नाही. फवाऱ्याची गन लांबून धरली, रंग घट्ट राहिला, की साल उठते. जवळून धरली, रंग पातळ झाला, की ओघळतो. दाणे म्हणजे धूळ तरी, नाहीतर रंग फडक्यातून गाळलेला नाही. पाणी गाळल्याशिवाय तोंडाला न लावणाऱ्या बाईला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. पांढुरकी झाक पावसाळ्याची. थिनर झरझर उडून जातो, पत्रा गार पडतो आणि हवेतला दमटपणा त्यावर बसतो. जुलैत भरलेल्या आभाळाखाली रंग मारला तर दुसरं काय होणार? प्लॅस्टिकला वेगळा प्रायमर लागतो, तो मारलाच नव्हता.

आणि पेट्रोलने सुटला तो रंग एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. आपलं नेलपॉलिश ह्याच जातीचं. चटकन वाळतं, झळकतं आणि थिनर लागलं की पुन्हा विरघळतं. १९२०च्या दशकात अमेरिकेत ड्युपाँट कंपनीने 'ड्युको' नावाने हा रंग आणला. त्याआधी मोटारींचा रंग वाळायला आठवडे लागत, तो तासांवर आला. आपला सुतार कपाटाला "ड्युको मारू का?" म्हणून विचारतो ना, ते नाव तिथून आलेलं. कपाटावर कुणी पेट्रोल सांडत नाही, म्हणून तिथे तो टिकतो. टाकीवर सांडतं, आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये तर इथेनॉलही मिसळलेलं. टाकीला वरून हार्डनर घातलेला पक्का थर हवा, ज्याला हे लोक टूके म्हणतात. तो एकदा घट्ट झाला की विरघळत नाही.

घरात तीन मतं पडली. पुतण्या म्हणाला, जाऊन भांडतो, पैसे परत घेतो. आमचे हे म्हणाले, "जाऊ दे रे, वरून अजून एक हात मारून देईल." ह्यांनीच घासाघीस करून पाच हजारांचे बत्तीसशे आणि पंधरा दिवसांचे चार दिवस केले होते, तेव्हा भांडायला तोंड नव्हतं. जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत. शिवणाचं मशीन घेऊन बसल्या. मला ते बघवेना. सुटणाऱ्या रंगावर आणखी एक हात मारणं म्हणजे पोपडे आलेल्या भिंतीला दिवाळीचा चुना. दोघी जावा चालत निघालो.

रंगाचं दुकान म्हणजे दोन पत्रे, एक ताडपत्री आणि कॉम्प्रेसर. समोरून बसगाड्या जातात. उस्ताद साठीला टेकलेले, खोकत खोकत आले. मी एवढंच म्हटलं, "उस्ताद, गाडी भायेर उजाले में खडी है, जरा तुमच देखो." त्यांनी टाकीवरून तळहात फिरवला. मग डोळे बारीक करून तिरपं पाहिलं. मग स्टुलावर बसले.

"बाजी, बत्तीस सौ में ऐसाच आता. भाई साब बोले चार दिन में होना. मैं बोला बारिश है, नक्को. सुने नै."

"हौ. पन पापुद्रा निकल रहा ना?"

"हौ, वो मेरी गलती," ते म्हणाले. किती सहज म्हणाले! भांडायच्या तयारीने गेलेल्या माणसाची पंचाईत व्हावी इतकं सहज.

मग हिशेब बसला. सामान आम्ही आणायचं, मजुरी ते पुन्हा घेणार नाहीत. पाऊस उघडल्याशिवाय गनला हात लावायचा नाही. तोवर सुटलेला रंग पत्र्यापर्यंत खरवडून काढायचा. ओघळ, दाणे, साल एवढंच असतं तर बारीक पाणकागद घासून आणि कंपाउंड लावून निभावलं असतं. पण ज्याने पत्रा धरलाच नाही, त्याला घासून काय उपयोग?

खरवडताना टाकीवर एक पोचा निघाला, वर जाड लांबी भरलेला. जाऊबाई एकदम हसल्या. गॅसचं सिलिंडर टाकीवर ठेवून आणलं होतं भाऊजींनी, तेव्हाचा तो. मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे, आठवण आहे. त्या म्हणाल्या, "भरून टाका उस्ताद, नीट भरा. दोन रुपये हमालीचे वाचवले होते ह्यांनी."

खरी अडचण पुढे आली. हार्डनरचा डबा आणला, त्यावर बारीक अक्षरांत इशारा होता. चष्मा लावून वाचला. त्यात आयसोसायनेट असतं. भोपाळला १९८४ साली जो वायू गळला तो मिथाइल आयसोसायनेट. हे रसायन ते नव्हे, पण कुळ तेच. फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो. रुमालाने ते अडत नाही. म्हणजे आमची टाकी पेट्रोलने विरघळू नये म्हणून ह्या खोकणाऱ्या माणसाने ते ओढायचं? दिवा लावताना पाखरू जळू नये म्हणून जपणारे आपण. रात्रभर डोक्यात तेच. एनसीच मारू द्यावा, असंही एकदा मनात आलं. पण उस्तादांकडे टूकेची गिऱ्हाइकं येतच होती. आमची एक टाकी वगळून त्यांच्या छातीला काय आराम पडणार होता?

डब्बीवाला मास्क आणला, फिल्टर बसवायचा असतो तो. जाऊबाईंनी घेतला, बत्तीसशेत अजून भर घालून. उस्ताद म्हणाले, "तीस साल से रूमालच बांधा, बाजी." मी म्हटलं, तेच तर ऐकू येतंय. पोऱ्या खुदकन हसला. पहिल्या दिवशी मास्क खिळ्यालाच लटकलेला दिसला. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले आणि म्हटलं, तुम्ही तोंडाला लावा, मग झाकण उघडते. लावला. आमच्या गाडीपुरता तरी लावला. नंतरचं मी छातीठोक सांगू शकत नाही. परवा जाताना पाहिलं तर पोऱ्या घालून बसला होता, गळ्यात.

रंग ऑक्टोबरात झाला. सकाळी दहाला ऊन पडल्यावर, रस्त्यावर पाणी शिंपडून धूळ बसवून, रंग दोनदा गाळून. डावं झाकण टाकीपेक्षा किंचित नारिंगी आहे. मला दिसतं, इतरांना नाही. हे म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना, करून देईल तो." मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही.

आठवडाभर टाकीत पेट्रोल घालायचं नाही, असं उस्तादांनी बजावलं होतं. आठव्या दिवशी पुतण्या निघाला तर मागे जाऊबाई, हातात शिवणातलं मऊ मलमलीचं फडकं. पंपावर पोराने नळी उचलली तशा त्या खाली उतरल्या आणि टाकीच्या तोंडाभोवती फडकं गुंडाळून धरून उभ्या राहिल्या. पुतण्या लाजून म्हणाला, "आई, लोक बघतात." त्या म्हणाल्या, "बघू देत. तू भर रे बाळा, सावकाश."