नुसती चमकली

चमकते ती 'एक्लेर', पडते ती 'फूद्र'. फ्रेंचांनी विजेच्या अशा वाटण्या का केल्या, हा काही संगमनेरात बसून सोडवायचा प्रश्न नव्हे. पण म्हाळुंगीपलीकडून वळीव चढून येतो, लाईट जाते, आणि दुसरं काही सुचत नाही.

'फूद्र'च्या मुळाशी लॅटिन 'फुल्गुर', आणि त्याच्या पोटात लखलखणं. आपलंही तेच. विद्युत्, प्राकृतात विज्जु, मग वीज. धातू द्युत्, म्हणजे चमकणे. पडणं दोन्हीकडे मुळात नाहीच. आपण ते क्रियापदावर सोडलं.

आजी पायाळू होती. पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून गडगडायला लागलं की तिला आत या, आत या म्हणून हाका सुरू व्हायच्या. ती आधी कांद्यावर ताडपत्री ओढायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायची, मग सावकाश आत. एरवी मात्र याच पायांना मागणी. उसण भरलेला माणूस ओसरीवर येऊन पालथा पडायचा आणि आजी त्याच्या पाठीला पाय लावायची. नात्याने मोठा दीर असला तर आधी वाकून नमस्कार, मग पाठीवर पाय! उतार पडायचा का? उठताना सगळेच "वाटतंय बरं" म्हणायचे. तिच्या तोंडावर नाही कोण म्हणणार?

फ्रेंचमध्ये पहिल्या नजरेतलं प्रेम म्हणजे 'कू द फूद्र', विजेचा तडाखा. आपल्याकडे अंगावर वीज कोसळली म्हटलं की घरातलं कुणीतरी गेलेलं असतं. 'एक्लेर' मात्र आपण फार सौम्य करून घेतली. दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी त्याच नावाची गोळी हातावर ठेवतो.

आता पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर आधी सावध करतं. पायाळू कोण, हे ते विचारत नाही.

एकदा शेजारच्या मळ्यातली बाभूळ उभी चिरली. आजी तेव्हा बाहेरच होती, ताडपत्रीचं टोक हातात. आत आली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चमकली." पडली म्हणाली नाही. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' म्हणणारी बाई, तेव्हा तो शब्द तिने गिळला असेल. किंवा तिला खरंच नुसता उजेड दिसला असेल. बाभूळ तर आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिली.