लवासा : दिवसाउजेडीचे एक जेवण

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाली की आपल्याकडे प्रवासाचे बेत सुरू होतात. पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या ठिकाणांत लवासाचे नाव हमखास निघते. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट ओलांडून टेमघर धरणाच्या बाजूने घाट चढला, की पलीकडे उतरताना दासवे येथील तळ्याच्या काठी तांबड्या-पिवळ्या घरांची एक ओळ दिसू लागते. इटलीतील पोर्तोफिनो या बंदराच्या धर्तीवर ती उभारलेली आहे. पाण्यालगतच्या फरसबंद वाटेवर उपाहारगृहे आहेत. येणारा पाहुणा येथे फिरतो, छायाचित्रे काढतो आणि जेवतो.

जुन्या वास्तूत बसून जेवण्याची गोडी निराळी असते. आपल्याच जिल्ह्यात सासवडच्या वाटेवर जाधवगड आहे. पिलाजीराव जाधवराव यांनी १७१० साली बांधलेली ही गढी २००७ पासून हॉटेल म्हणून चालते. तेथे ताटात पडते ते पिठले-भाकरीच, पण ज्या दगडी भिंतींच्या आत आपण जेवतो त्यांनी तीन शतके पाहिलेली असतात. हिशेबाच्या वहीत इमारतीवर दरवर्षी घसारा लावावा लागतो आणि तिची किंमत घटत जाते. ऐतिहासिक वास्तूचे गणित याच्या उलट आहे. जितकी वर्षे सरली, तितके तिचे मोल वाढते. लवासाने हेच मोल वर्षे न मोजता, एकरकमी मिळवू पाहिले.

आम्ही गेलो तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. सूर्यास्त सहाच्या सुमारास, म्हणून पाच वाजताच पाण्याकाठच्या एका टेबलाशी बसलो. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्याचे सांगताच वाढणाऱ्या तरुणाने दुसरा प्रश्न विचारला नाही. कच्च्या केळ्याची पावभाजी आणि टोमॅटोची साधी चटणी लावलेला पिझ्झा त्याने स्वतःच सुचवला. दोन्ही पदार्थ गरम आणि चवदार होते. तो याच खोऱ्यातला. आजोबांची भाताची खाचरे येथून जवळच होती, असे त्याने सहज सांगितले. शनिवार-रविवारी टेबले भरतात, इतर दिवशी हाताला काम नसते, हेही सांगितले. ऊन उतरले तसे तळ्यात रंगीत भिंतींचे प्रतिबिंब पडले. दृश्य खरोखर सुंदर होते. मात्र दिवे लागण्याच्या वेळी वर पाहिले, तर कित्येक खिडक्या अंधाऱ्याच राहिल्या.

पोर्तोफिनोच्या किनारपट्टीवर घरांच्या भिंतींवर खोट्या खिडक्या रंगवण्याची जुनी रीत आहे. म्हणजे देखावा तिथेही आहे. पण ते मूळचे कोळ्यांचे गाव. त्या भिंतींमागे पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहिली, जाळी विणली, मुले वाढवली, आणि पाहुणे फार पुढे आले. लवासात पाहुणा आधी आला, रहिवासी यायचा राहिला. गंमत अशी की या खोऱ्याला स्वतःचा इतिहास नाही असे नाही. हे मोसे खोरे, शिवकाळातील वीर बाजी पासलकरांचा मुलूख. वरसगाव धरणाच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे आणि पुण्याच्या नळांना येणाऱ्या पाण्यात त्या जलाशयाचाही वाटा आहे.

आपल्या वाचकांना या प्रकल्पाचे आणखी एक नाते ठाऊक असेल. तो हाती घेणारी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी १९२६ साली स्थापन केली ती सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी. कोयना धरण आणि मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू ही याच कंपनीची कामे. शेठजींनी इंदापूर तालुक्यातील माळरानावर वालचंदनगर वसवले, तेही नवे गावच होते. तेथे ऊस लावला गेला, १९३०च्या दशकात साखर कारखाना उभा राहिला आणि कामगारांच्या पाठोपाठ घरे, शाळा, बाजार आले. गाव उद्योगाभोवती वाढले. लवासात उद्योग आणि शिक्षणसंस्था आणण्याचा विचार आराखड्यात होता, परंतु डोळ्यांत भरला तो काठ, आणि विकली गेली ती घरे.

पुढची हकीकत वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचली आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बांधकाम थांबवले. वर्षभराने अटींसह परवानगी मिळाली. जमिनींच्या व्यवहारांवरूनही वाद झाले. कामे थांबली तरी व्याज थांबत नाही, हे बँकेत उमेदवारी करणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात गेले. देणेकऱ्यांचे दावे सहा हजार कोटी रुपयांहून अधिक होते आणि त्यांच्या रांगेत आठशेहून अधिक घरखरेदीदार उभे होते. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने घरखरेदीदाराला कायद्यात वित्तीय देणेकऱ्याचा दर्जा मिळाला, त्यामुळे धनकोंच्या समितीत त्यांचे म्हणणे नोंदले जाऊ लागले. २०२३ मध्ये १,८१४ कोटींची एक योजना मंजूर झाली, तरी गुंता सुटला नाही.

कर्जखात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यात एक साधी विसंगती दिसते. मुदतकर्ज आठ-दहा वर्षांत फेडायचे असते. गावाला गावपण यायला दोन-तीन पिढ्या लागतात. पैशाची मुदत आणि गावाची मुदत यांत एवढे अंतर असले, की मधला भार कोणाला तरी वाहावा लागतो. येथे तो आयुष्याची पुंजी गुंतवून ताब्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबांनी वाहिला, आणि ज्यांची खाचरे गेली त्यांनीही.

आपल्या व्यापारी कुटुंबांत डोंगरात किंवा पाण्याकाठी दुसरे घर घेण्याचा विचार आता रुळला आहे. घर जरूर पाहावे. परवानग्या, जमिनीचे उतारे, ताबा देण्याची तारीख, रेरा नोंदणी हे सर्व तपासावे. आणि त्या ठिकाणी एखाद्या सोमवारी सकाळी जावे. दुकाने उघडली आहेत का, शाळेत मुले निघाली आहेत का, माणसे कोणत्या कामाला चालली आहेत, हे डोळ्यांनी बघावे. रविवारचा काठ सगळीकडेच देखणा असतो.

लवासाला मात्र अवश्य जावे. पावसाळ्यानंतर डोंगर हिरवे असतात, हवा स्वच्छ असते आणि काठाने निवांत चालता येते. आधी दूरध्वनी करून उपाहारगृह सुरू असल्याची खात्री करून घ्यावी, पाचच्या आत जेवायला बसावे आणि अंधार पडण्यापूर्वी घाट उतरावा. वाढणाऱ्या मुलाला चार पैसे अधिक द्यावेत. मधल्या वारी गेलात तर तुमचे जेवण हीच त्याच्या दिवसाची कमाई असू शकते.