उताराची मोजणी

भूमि अभिलेख खात्यातील नोकरीत माझ्या हातून ज्या जमिनी मोजल्या गेल्या, त्यांच्या बाबतीत एक शिरस्ता निरपवाद होता : मोजणीची नोटीस ज्याच्या नावे निघे तो कब्जेदार, मग तो कितीही मातबर असो, हद्दीच्या दगडापाशी उभा राहून पाहण्यापलीकडे आणि अखेरीस जबाबावर सही वा अंगठा करण्यापलीकडे त्या कामात पडत नसे. त्यामुळे सेवानिवृत्तीनंतर, पुण्यात पर्वतीच्या उतारावर वसलेल्या जनता वसाहतीच्या काही गल्ल्यांचा नकाशा तेथील रहिवाशांकडूनच करवून घेण्याचे विद्यापीठाच्या एका विभागाने योजिले आणि साहाय्यासाठी मला पाचारण केले, तेव्हा चार पोरांना टेप धरायला शिकवायचे असेल, एवढ्याच समजुतीने मी होकार दिला.

पुण्याला पाहणीचे नावीन्य नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी १९३६-३७ च्या सुमारास या शहराची जी पाहणी केली, तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्या काळचे पुणेकर कोणते धंदे करीत व त्यांत किती मिळवीत हे जाणून घ्यावयाचे झाल्यास आजही त्या ग्रंथांकडेच वळावे लागते. त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु प्रश्न अभ्यासकाचे आणि उत्तरे रहिवाशांची, ही वाटणी त्या काळी गृहीतच होती. येथे मात्र प्रश्नही समाजमंदिरात सतरंजीवर बसून ठरावयाचे होते, आणि माणसे कामावरून परतून, भाकऱ्या उरकून येईपर्यंत रात्रीचे नऊ वाजत असल्यामुळे, ते सावकाश ठरत.

विभागातून आलेल्या मसुद्यात ‘सार्वजनिक शौचालयाचे घरापासूनचे अंतर, मीटरमध्ये’ असा एक रकाना होता. तो वाचून दाखविताच धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “मीटर घेऊन काय करायचंय, साहेब? पायऱ्या मोजा. माझी सासू मीटर चालत नाही, पायऱ्या चढते.” दुसरीने विचारले, रात्री दिवा असतो का, हे कुठे लिहायचे? आतून कडी लागते का? पावसाळ्यात त्याच पायऱ्यांवरून गटाराचे पाणी धावते तेव्हा म्हाताऱ्याने काय करावे? संशोधन करणाऱ्या मुलीने, हिचे मला फार कौतुक वाटले, मसुदा बाजूला ठेवून कोरा कागद पुढे ओढला.

मोजणीदाराला हे विशेष झोंबणारे होते, कारण उतार वजा करणे हीच आमची विद्या. चढउताराच्या जमिनीवर साखळी जमिनीलगत ताणून चालत नाही. ती टप्प्याटप्प्याने आडवी धरावयाची, टोकाला ओळंबा सोडावयाचा आणि केवळ क्षितिजसमांतर अंतर तेवढे टिपणात घ्यावयाचे, म्हणजे टेकडीसुद्धा कागदावर सपाट होते आणि क्षेत्रफळाचा हिशेब बिनचूक जुळतो. जमिनीच्या मालकीला ते सर्वथा योग्य आहे. पण जिच्या गुडघ्यांत वात आहे त्या बाईच्या दृष्टीने नकाशातून नेमकी तीच गोष्ट गळालेली असते जी तिला रोज भोगावी लागते. आम्ही मग पायऱ्याच मोजल्या. एका घरापासून शौचालय नकाशावर चाळीस मीटर, म्हणजे कोणत्याही निकषाने ‘निकट’. वाटेत पायऱ्या शहाण्णव, कोणी घर बांधताना उरलेल्या मालातून घातलेल्या, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. त्याच टेकडीवर देवदर्शनाला जाणाऱ्यांसाठी पेशव्यांच्या काळापासून रुंद, बसकट पायऱ्या आहेत, हे आठवल्यावाचून राहवले नाही.

वसाहतीतील पोरांनी पायऱ्यांची उंची दोऱ्याला गाठी मारून घेतली, आणि वृद्धांनी बजावले की सर्वांत आधी कालवा काढा. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलानजीक मुठा कालव्याची भिंत फुटून ऐन उन्हात घरांत पाणी शिरले होते, ते कोणी विसरलेले नव्हते.

इथवर सारे सुरळीत होते. खरा पेच भाडेकऱ्यांचा उपस्थित झाला. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या छत्राखाली येणाऱ्या जुन्या रहिवाशांकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले दफ्तर असते : फोटोपास, शिधापत्रिका, विजेचे बिल, मतदारयादीचा उतारा, संरक्षणाची तारीख आधी १ जानेवारी १९९५ आणि पुढे १ जानेवारी २००० झाली, त्यामुळे त्या तारखेपूर्वीची एखादी पावती सोन्याच्या मोलाची. माळ्यावर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबापाशी यांपैकी काहीही नसते. नकाशावर माळे दाखवावयाचे ठरताच, कालपर्यंत उत्साहाने टेप धरणाऱ्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतले. “काका, एका घरात तीन चुली लिहिल्या तर उद्या हक्क कोणाचा, हे भांडण लागेल.” त्यांची भीती अनाठायी नव्हती. पण शौचालयाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्यांत त्या तीनही चुलींची माणसे असतात, आणि सभेला त्यांतले भाडेकरू कोणी येत नव्हते, कारण समाजमंदिराची किल्ली घरमालकांच्या मंडळाकडे होती. रहिवाशांचा सहभाग म्हणून ज्याचा गौरव होतो, तो पुष्कळदा किल्लीवाल्यांचाच सहभाग असतो, हे माझे मत त्या वेळी बनले.

अखेर तोड निघाली ती अशी : भिंतीवरच्या नकाशात पायऱ्या, नळ, दिवे आणि शौचालये एवढेच दाखवावयाचे, माणसांची गणना गल्लीवार, घराचे नाव न घालता, स्वतंत्र तक्त्यात. संशोधिकेला हे अपुरे वाटले, मंडळाला जास्त वाटले. क्षेत्रीय कार्यालयात तो नकाशा घेऊन मावशी स्वतः गेल्या आणि कनिष्ठ अभियंत्याने अर्जाची पोच मागण्याआधीच दिली, हे मी पाहिले आहे. त्या शहाण्णव पायऱ्यांना पुढे एका बाजूने लोखंडी कठडा लागला. दिवे मंजूर झाले, लागले नाहीत. भाडेकऱ्यांची सभा आम्ही नंतर एका माळ्यावरच घेतली. त्यांनी नळ मागितला नाही, दिवा मागितला नाही. अनामत रकमेची पावती मिळते का, हा प्रश्न पाहणीत घाला, एवढेच म्हणाले. तो रकाना आता तक्त्यात आहे, आणि मंडळाचे दोन सभासद तो काढावा म्हणून अजून अर्ज करीत आहेत.