फरशीखालचं पडिलेहण



व्हिनाइल टाकायचं ठरलं की आपण आधी रंग बघतो. सागवानी बरा की राखाडी? खालच्या जमिनीचं काय, हे मात्र कुणी विचारत नाही. आमच्या चिमूरच्या घरात मागच्या खोलीत व्हिनाइलच्या लॉक होणाऱ्या पट्ट्या बसवल्या. बसवायला एक दिवस लागला आणि जमीन तयार करायला जवळजवळ सहा आठवडे. म्हणून लिहिते आहे ते त्या सहा आठवड्यांबद्दल.

खोली सासूबाईंची. वय 86. चाळीस वर्षांच्या शहाबादी फरशा वरखाली झालेल्या, त्यांच्या कडांना वॉकर अडायचा. दोनदा पडता पडता वाचल्या. या वयात खुब्याचं हाड मोडलं म्हणजे काय होतं, ते आपण सगळ्यांनी कुणा ना कुणाच्या घरी पाहिलंय. त्यामुळे काम टाळण्यासारखं नव्हतं.

मिस्त्री म्हणाला, “काकू, सांध्यांत पावडर मारतो, उद्या पट्ट्या टाकतो.” सांध्यांत मुंग्यांची वस्ती होती. सासूबाईंनी साफ सांगितलं, “माझ्या सामायिकच्या जागेखाली त्यांना गाडू नका.”

कल्पसूत्राच्या समाचारीत आठ सूक्ष्म सांगितलेत: प्राण, पनक, बीज, हरित, पुष्प, अंड, लयन आणि स्नेह. साधु-साध्वींनी ते जाणावे, पाहावे, त्यांचं पडिलेहण करावं, असं सांगितलंय. पनक म्हणजे बुरशी, लयन म्हणजे जीवांची बिळं आणि स्नेह म्हणजे सूक्ष्म ओलावा. दरवर्षी पर्युषणात ऐकतो आपण. त्यातली चार तर आमच्या फरशीखालीच निघण्यासारखी होती! शिवाय व्हिनाइल एकदा टाकलं की ती जागा वर्षानुवर्षं डोळ्यांना दिसणार नाही. जे पाहायचं ते आधीच पाहायला हवं.

आधी मुंग्या. धान्याच्या कोठ्या दुसऱ्या खोलीत नेल्या. खाण्याचा कण खोलीत राहू दिला नाही. भिंतीच्या बाजूने वेखंडाची पूड टाकली आणि अंगणाकडची बाजू मोकळी ठेवली. आठ-दहा दिवसांत पांढरी अंडी तोंडात धरून रांगा बाहेर निघाल्या. मग टॉर्च लावून एकेक सांधा पाहिला, पुंजणी फिरवली आणि त्यानंतरच मिस्त्रीला सांधे भरायला सांगितलं.

मग ओल. ही परीक्षा सोपी आहे, जरूर करा. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक घ्यायचं, जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने पक्क्या चिकटवायच्या आणि दिवसभर, निदान सोळा तास, हलवायचं नाही. खाली थेंब जमले किंवा जमीन काळपट झाली तर ओल आहे. आम्ही खोलीत चार जागी लावलं. तीन कोरडे, न्हाणीच्या भिंतीजवळचं ओलं. होळी होऊन गेलेली, म्हणजे हे पावसाचं पाणी नक्कीच नव्हतं. भिंतीत पाइप झिरपत होता. शहाबादीच्या सांध्यांतून ही ओल वर निघून सुकायची, म्हणून कधी कळलीच नाही. व्हिनाइलमधून ती वर येऊ शकत नाही. खालीच कोंडते आणि मग बुरशी. म्हणजे रोज अनंतकायावर पाय ठेवून चालायचं! पाइप दुरुस्त केला, तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवल्या, पुन्हा प्लास्टिक लावलं. कोरडं निघालं तेव्हाच पुढे गेलो.

तिसरी गोष्ट सपाटी. दहा फुटांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जमिनीवर सगळीकडे फिरवून पाहायची. पट्टीखाली साधारण पाच मिलीमीटरपेक्षा जास्त फट नको. जास्त असेल तर पट्ट्यांचे लॉक चालताना दबतात, काही महिन्यांत तुटतात. वर आलेल्या कडा ग्राइंडरने घासल्या. धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून मिस्त्रीला तोंडाला रुमाल बांधायला लावला. सासूबाई हसून म्हणाल्या, “झाली त्याची मुहपत्ती.” जुना तेलकटपणा धुण्याच्या सोड्याने काढला, जमीन वाळवली, प्रायमर लावला आणि खोलगट भागात लेव्हलिंग कंपाउंड ओतलं. त्यातलं पाणीही गाळूनच दिलं. पीओपीने खड्डे भरू देऊ नका, ते ओलीने फुगतं.

हिशोबही सांगते, बी.कॉम. आहे ना मी! खोली 12 बाय 14, म्हणजे 168 चौरस फूट. कापण्यात जाणारं दहा टक्के धरून 185 चौरस फूट माल आणला. तयारीचा खर्च वेगळा लिहून ठेवा. बहुतेक जणी फक्त पट्ट्यांचा भाव धरतात, मग पैसे कमी पडले की नेमकं खालचंच काम कापलं जातं.

पट्ट्यांचे खोके दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात व्हिनाइल पसरतं, म्हणून भिंतीलगत पाव इंच जागा सोडली, ती स्कर्टिंगखाली झाकली गेली. अक्षय तृतीयेच्या आत काम आटोपलं. तुम्हीही हे काम चौमासी चौदसीच्या बरंच आधी काढा. पावसात ओलही वाळत नाही आणि जीवही जास्त असतात.

आता वॉकर अडत नाही. सासूबाई पहाटे उठून एकट्याच आसनापर्यंत जातात. बघायला आलेल्या बायका विचारतात, “रंग छान आहे, कुठून आणला?” मी दुकान सांगते, आणि सोबत प्लास्टिक-टेपची परीक्षाही सांगते.

जय जिनेंद्र!