लाइट जायची तेव्हा बरं होतं

"अरे, लाइट जायची तेव्हा तुझं यंत्र बरं चालायचं की!" मामाचं हे वाक्य मी 2021 च्या दिवाळीपासून ऐकतोय. आणि पंचाईत अशी, की ते शंभर टक्के खरं आहे.

रेवदंड्याला मामाची मासळीची छोटी कोल्ड रूम आहे. कॉलेजात असताना मी तिच्यासाठी आर्डुइनोवर अलार्म करून दिला होता. दर पाच मिनिटांनी तापमान बघायचं, वाढलं की बोंबलायचं. बिनतक्रार चालला. लाइट तिथे आठवड्यातून एकदा तरी जायचीच. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर तर कित्येक दिवस नव्हती. शेवटी वैतागून मामाने 2021 च्या गणपतीच्या आदल्या दिवशी इन्व्हर्टर बसवला. दिवाळीच्या तोंडावर एका रात्री कॉम्प्रेसर ट्रिप झाला. अलार्म गप्प! स्क्रीनवर तेच जुनं उणे 18. सगळी सुरमई फेकून द्यावी लागली.

झालं काय, तर आर्डुइनो चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद 32 बिटांत मोजतो. 4,29,49,67,295 च्या पुढे जागाच नाही, की परत शून्य. म्हणजे 49 दिवस, 17 तास, 2 मिनिटं. मी शहाण्याने 'पुढची वेळ' 64 बिटांत ठेवली होती. ती त्या आकड्याच्या पुढे गेली आणि घड्याळ तिथवर कधी पोचेचना. 'आत्ता वजा मागची वेळ' अशी 32 बिटांतच वजाबाकी केली असती, तर शून्य ओलांडूनही उत्तर बरोबर आलं असतं. आधी लाइट जायची, मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची आणि माझी चूक झाकली जायची.

विंडोज 95 सुद्धा 49.7 दिवसांनी असाच अडकायचा. (तो तेवढे दिवस चालायचा कुठे, हा भाग वेगळा!) लॉस एंजेलिसच्या हवाई नियंत्रण केंद्रात यावर उपाय काय, तर दर महिन्याला रीस्टार्ट. 14 सप्टेंबर 2004 ला तो राहून गेला होता. विमानांशी रेडिओ संपर्क तुटला, काही विमानं एकमेकांच्या धोकादायक जवळ आली. लिनक्सवाल्यांची युक्ती मला जास्त आवडते. कर्नलचा काउंटर ते मुद्दाम ओव्हरफ्लोच्या पाच मिनिटं अलीकडून सुरू करतात. चूक असेल तर चहा होईपर्यंत कळते.

मीही मग तसंच केलं. वजाबाकी दुरुस्त केली, काउंटर शेवटाजवळ लावून अर्धा तास समोर बसलो. मामाला हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली.

अजून दर एक तारखेला तो बटण बंद करून चालू करतोच.