पंचबोलावरून नेपाळच्या वाटेकडे

आमची नोकरी पायाला भिंगरी लावणारी. बोंडअळीच्या सभा, मातीचे नमुने, संत्राबागांची पाहणी यातच वर्ष सरते. चिखलदऱ्यालाही अनेकदा जाणे होते, कधी मोथ्याची स्ट्रॉबेरी पाहायला, कधी सावलीत वाढणारी कॉफी पाहायला. पण गेल्या श्रावणात मी तिथे गेलो तो शेतीच्या नव्हे, घरच्या कामाने.

माझी धाकटी बहीण परतवाड्याजवळच्या एका गावी दिलेली. तिचा थोरला मुलगा वैमानिक. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, त्यानंतर दोनशे तासांचे उड्डाण, तेव्हा कुठे व्यावसायिक परवाना हाती येतो. खर्च अर्ध्या कोटीच्या घरात. त्यापायी जावईबापूंनी दोन एकर ओलिताचे रान विकले. पोराने चीज केले. दोन पंख्यांच्या, सत्तर आसनांच्या एटीआर विमानावर काही वर्षे सहवैमानिक म्हणून काढली, पंधराशे तास पुरे करून वरचा परवानाही मिळवला. आणि नेमकी तेव्हाच कंपनीची विमाने जमिनीवर बसली. वर्षभर पोरगा घरी. अशात नेपाळच्या एका कंपनीचे बोलावणे आले, तेही कप्तानाच्या जागेसाठी.

घरात आनंद व्हायचा, तर बहिणीने अन्न टाकले. 15 जानेवारी 2023 ला पोखऱ्याला विमान पडून 72 माणसे गेली, ते तिने दूरदर्शनवर पाहिले होते. तेही एटीआरच. मला निरोप आला, "दादा, तू ये अन् याले समजाव." मी म्हटले, घरात बसून भांडण्यापेक्षा सगळे चिखलदऱ्याला जाऊ.

घाट चढू लागलो तशी हवा गार झाली. साग भिजून उभा होता. भीमकुंडापाशी थांबलो. भीमाने कीचकाला मारून इथल्याच दरीत लोटले, म्हणून हा कीचकदरा, पुढे त्याचा चिखलदरा झाला, असे सांगतात. कीचक म्हणजे विराटाचा मेव्हणा, उत्तराचा मामा. मी भाच्याला म्हटले, "बाबा, मामाने उपदेश करायला ही जागा काही शुभ नव्हे!" तेव्हा कुठे बहीण जराशी हसली.

पंचबोलावर पोहोचलो तो दरी धुक्याने काठोकाठ भरलेली. मधूनच पडदा फाटावा तसा समोरचा कडा दिसे आणि पुन्हा गडप होई. भाचा म्हणाला, "मामा, नेपाळातले वैमानिक म्हणतात, आमच्या ढगांच्या पोटात दगड असतात." चिखलदरा सुमारे 1,118 मीटर उंच. काठमांडूचा विमानतळ त्याहून दोनशे मीटरनी उंच, आणि भोवती डोंगरांचे कडे. एव्हरेस्टच्या वाटेवरचे लुक्ला तर 2,800 मीटरच्याही वर. तिथली धावपट्टी अवघी 527 मीटर, तीही चढणीची. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. तिथे लहान विमानेच उतरतात, भाच्याचे विमान नाही. डोंगरात दुपारनंतर वारा आणि ढग वाढतात, म्हणून अशा जागची उड्डाणे सकाळीच उरकतात.

बहीण इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "आता बेलोऱ्याहून मुंबईले विमान सुरू झालं ना? तेच चालव. कायले जातं परमुलखात?" अमरावतीच्या बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 ला प्रवासी सेवा सुरू झाली, आणि ते विमानही एटीआरच. पण आपल्या गावची बस आहे म्हणून आपल्यालाच चालक नेमतील असे थोडेच असते?

"पोखऱ्याले काय झालं होतं, ते तरी खरं सांग," ती म्हणाली.

भाच्याने लपवले नाही. उतरताना पंखांच्या मागच्या पट्ट्यांचा दांडा ओढायचा होता, त्याऐवजी पंख्यांचे दांडे ओढले गेले. पंख्यांची ओढ गेली, आणि चूक वेळेत लक्षात आली नाही. "म्हणून आई, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं पाहून तेच परत म्हणायचं, असा नियम असतो. या पंचबोलावानी."

मी म्हटले, "बाबा, शेतीचा एक नियम सांगतो. पाऊस पडला म्हणून लगेच तिफण घालू नये, वापसा येऊ द्यावा. उतावीळ माणसाच्या नशिबी दुबार पेरणी. तुमच्या धंद्यात तर दुबार पेरणीही नाही." तो म्हणाला, "मामा, आभाळ उघडलं नाही तर मी माघारी फिरीन. शब्द देतो."

जावईबापूंचे लक्ष पगाराच्या आकड्यावर. मी विचारले, "हे रुपये कुठले?" 1993 पासून आपल्या शंभर रुपयांना नेपाळी 160 रुपये असा ठरलेला भाव आहे. 1.60 ने भागल्यावर आकडा उतरला, तरी घर चालण्याजोगा होता. ज्या घरातली मुले तिकडे जाणार असतील त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. 1950 च्या मैत्री करारामुळे भारतीयांना नेपाळात जायला-राहायला व्हिसा लागत नाही, पण आपला वैमानिक परवाना तिथे आपोआप चालत नाही. तिथल्या विमान प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. ती मान्यता आणि लेखी करार हाती आल्याशिवाय मधल्या माणसाला पैसा देऊ नये, आणि शेत तर मुळीच विकू नये.

शेंदुरजनाघाटची संत्र्याची कलमे दूरदूरच्या मुलखांत जातात. मुळाशी मातीचा गोळा शाबूत असला की परक्या रानातही जीव धरतात. हे मी बहिणीला सांगणार होतो, पण तिने ऐकूनच घेतले नाही. ती कठड्यापाशी गेली आणि पोराला लहानपणी संध्याकाळी हाक मारायची तशी, घरातल्या नावाने, मोठ्याने हाक मारली. कड्यांनी ती परत दिली, एकदा, दोनदा, विरत विरत.

"आयकू येते ना?" तिने विचारले.

"येते, आई."

"मंग दर रविवारी फोन करजो. अन् आभाळ भरलं असलं तं उडू नको, साहेब कितीबी रागावू दे."

उतरताना परतवाड्याला तिने पोटभर भजी खाल्ली. तेव्हा जावईबापूंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. नवरात्रात भाचा काठमांडूला गेला. रविवार आतापर्यंत एकही चुकला नाही. दोनदा त्याने "आज माघारी फिरलो" असे सांगितले, आणि दोन्ही वेळा बहिणीने देवापुढे साखर ठेवली.