गैरमुमकिन पहाड

फायलींतील काही शब्द वर्षानुवर्षे डोळ्यांखालून जातात. परंतु त्यांचा चेहरा म्हणून कधी दिसत नाही. 'गैरमुमकिन पहाड' हा माझ्यापुरता असाच एक शब्द. जेथे नांगर चालू शकत नाही अशा डोंगराळ जमिनीची नोंद हरियाणाच्या महसुली दप्तरात या नावाने होते. आपल्याकडील 'पोटखराबा'चा हा उत्तरेकडचा चुलतभाऊ म्हणावयास हरकत नाही. दिल्लीस बदली झाल्यावर पहिली चार वर्षे माझ्या टेबलावर जमिनीच्या ज्या फायली येत, त्यांत हा शब्द दर दहा पानांनी भेटे. आणि मीही 'सदर क्षेत्र अनुत्पादक असून कोणाच्याही वापरात नाही' हे वाक्य सरावलेल्या हाताने लिहून फाइल पुढे ढकलीत असे. ते क्षेत्र मी पाहिले नव्हते. पाहिले पाहिजे, असे मला कोणी सांगितलेही नव्हते.

तो योग गेल्या फाल्गुनात आला, आणि तोही सरकारी कामाने नव्हे, मौजेने.

मुनिरक्यातील आमच्या वसाहतीत मराठी घरे थोडी. त्यामुळे जी आहेत ती एकमेकांना धरून असतात. आमच्या चौकडीचे प्रमुख मेजर. फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. दुसरे डॉक्टर, तिसरे लेखापरीक्षणातले आमचे शेजारी, जे सहलीच्या डब्यातील पोळ्याही मोजून घेतात. मेजर येत्या वैशाखात दिल्लीचे बिऱ्हाड मोडून गावी जाणार होते. "जाण्यापूर्वी एकदा तुम्हां कारकुनांना डोंगर दाखवतो," असे ते म्हणाले. त्यांच्यापाशी एक जीप आहे, आणि रस्ता सोडून चालण्याचा जो नवा छंद तरुण मंडळींत 'ऑफ-रोडिंग' या नावाने रूढ झाला आहे, तो त्यांना साठीत जडला आहे. गाडी असून रस्ता का सोडावा, हे कोडे मला त्या दिवसापर्यंत उलगडले नव्हते.

पहाटे निघालो. मेहरौली मागे टाकून गुडगाव-फरिदाबाद रस्त्याला लागलो. बंधवाडीचा कचऱ्याचा डोंगर दिसू लागला तेव्हा डॉक्टरांनी काचा वर केल्या, आणि तो नाहीसा झाल्यावर उघडल्या. पुढे दोन्ही बाजूंना अरवली पसरलेली. सह्याद्रीच्या माणसाला हा डोंगर प्रथमदर्शनी डोंगर वाटतच नाही. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. हा गारगोटीसारखा कठीण, तांबूस खडक शंभर कोटी वर्षांहून जुना. झिजून झिजून तो आता गुडघ्यावर आला आहे, इतकेच. आणि तो काही दूरचा नव्हे. मुनिरक्यात आमच्या घरामागे, जेएनयूच्या आवारात, जे खडक झुडुपांतून डोके काढतात ते याच कुळातले. ज्या रायसीना टेकडीच्या सावलीत आमची नोकरी गेली, तीही याच डोंगराची एक धार. आम्ही अरवलीवरच राहत होतो, आणि ती पाहण्यासाठी पेट्रोल जाळून निघालो होतो!

वनखात्याच्या हद्दीत चाक घालावयाचे नाही, ही मेजरांची अट. मांगरची देवराई, जेथे गावकरी धौ वृक्षाची फांदीही तोडीत नाहीत, ती आम्ही लांबूनच पाहिली. आमची वाट एका गावच्या सामाईक डोंगरातून जाणारी, जुन्या खाणीची. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फरिदाबाद, गुडगाव आणि मेवात या जिल्ह्यांतील अरवलीत खाणकाम थांबविले. तेव्हापासून तिच्यावर ट्रकऐवजी शेळ्या चालतात. पायथ्याशी मेजरांनी चाकांतील हवा बत्तीस पौंडांवरून वीसवर आणली. नरम चाक दगडाला धरते, फुगलेले चाक त्यावरून उडते, असे त्यांचे म्हणणे. मग चारही चाकांना जोर देणारा दुसरा दांडा ओढला, आणि माणूस चालेल त्यापेक्षाही हळू अशा गतीने आम्ही चढू लागलो.

त्या तासाभराचे वर्णन करणे कठीण आहे. पुढे फक्त आकाश दिसे. मग नाक खाली वळे, आणि आकाशाच्या जागी दरी. उतारावर मेजर ब्रेकला पाय लावीत नसत. पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे धरून ठेवी. प्रत्येक दगड आसनातून पाठीच्या कण्यापर्यंत कळत होता. मला हसू येत होते, आणि ते का येत होते हे सांगता येत नव्हते. आम्ही रस्त्यावरून जातो तेव्हा जमीन आमच्याशी बोलत नसते, असे काहीसे मेजर म्हणाले, आणि लगेच स्वतःच्या काव्यावर ओशाळले. कडेला पळस पेटलेले होते. "कुठेही बदली होवो," डॉक्टर म्हणाले, "पाने तीनच." विलायती कीकराच्या, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्या रानात तेवढाच एक ओळखीचा चेहरा होता.

एका घळीत गाडी अडली. एका कोपऱ्याचे पुढचे चाक आणि समोरच्या कोपऱ्याचे मागचे, अशी दोन चाके अधांतरी; आणि यंत्राची रीत अशी की, ज्या चाकाला अडथळा नाही त्याच्याकडेच जोर जातो. हवेतली चाके भिरभिरत होती, जमिनीवरची स्वस्थ उभी. (हे दृश्य मला कार्यालयातून परिचित होते.) उपाय एकच, लोंबत्या चाकांखाली दगड रचणे. जवळच चपट्या दगडांची एक बुटकी रांग होती. आम्ही भराभर दगड उपसले, रचले, आणि चौथ्या प्रयत्नात जीप वर आली. आम्ही मुलांसारखे टाळ्या पिटीत असताना मागून आवाज आला, "यो पत्थर कित तै ठाया?"

एक म्हातारा शेळ्यांसह उभा होता. स्वर रागाचा नव्हता. हिशेब विचारावा तसा होता. मेजर म्हणाले, "ताऊ, गाडी फँस गई थी." म्हाताऱ्याने मान हलवली आणि घळीच्या खाली बोट दाखविले. तेथे एक जोहड होता. तळाशी थोडे गढूळ पाणी आणि काठावर खुरांची नक्षी. ती दगडांची रांग म्हणजे पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारे पाणी वळवून जोहडात नेणारा बांध होता. साताऱ्याकडे तिला ताल म्हणतात. हे मेजरांना माझ्याआधी कळले असावे, कारण त्यांचा चेहरा उतरला होता. वडिलांनी घातलेला बांध आहे, म्हातारा म्हणाला. दरवर्षी ज्येष्ठात तो स्वतः नीट करतो.

'कोणाच्याही वापरात नाही.' ते माझे वाक्य होते. दुसऱ्या कोणाचे नव्हे. अशी किती टिपणे मी लिहिली, कोणत्या डोंगरांविषयी, आणि त्यांचे पुढे काय झाले, ते मी आता शोधू शकत नाही.

मेजरांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. "पूर्ववत करू," एवढेच म्हणाले. ते वाटले तितके सोपे नव्हते. आम्ही दगडावर दगड ठेवला की ताऊ तो काठीने ढकलून पाडी. रुंद दगड तळाला, त्याचा उतार डोंगराच्या अंगाला, फटीत खडे, वरचा दगड दोन दगडांच्या सांध्यावर. डॉक्टर तीनदा नापास झाले. लेखापरीक्षकांनी उपसलेले दगड मोजले, एकतीस भरले. परत लागले ते अठ्ठावीस. तीन चाकाखाली फुटले होते. त्यांच्या जागी नवे शोधताना दुपार कलली. पोळ्या पाचांत वाटल्या, आणि ताऊने लसणाच्या चटणीची दोनदा मागणी केली.

परतताना मेजर गप्प होते. आणलेल्या पंपाने चाकांत पुन्हा हवा भरताना तेवढे म्हणाले, "आमच्या रानातल्या ताली वडिलांनंतर कोणी पाहिल्या नाहीत. वैशाखात जातो आहे, तर पावसाआधी हात फिरवता येईल." मुनिरक्यात शिरलो तेव्हा दिवे लागले होते, आणि जीपची चाके आमच्या फाटकात तांबडी माती सांडीत होती.

सोमवारी सही करताना अंगठ्याजवळचा फोड दुखला आणि सही वाकडी आली. शिपायाने विचारले, "साहब, हाथ को क्या हुआ?" दगड उचलले, असे मी सांगितले. त्याला ती थट्टा वाटली. तो हसून पुढची फाइल ठेवून गेला.